मुद्दाम मळविलेला रणगाडा

“नवी वस्तु आणावयाची, चार आठवडे खपून ती रंगवावयाची, आणि मग आपल्याच हातांनीं तिला चिखल, गंज व काजळी फांसावयाची, हा कोठला छंद?” असा प्रश्न आम्हांस अनेक घरांतून विचारला जातो. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून रणगाड्यांच्या लहान प्रतिकृति बनविण्याचा नाद ज्या घरांत शिरला आहे, तेथील वडील मंडळींचे आक्षेप बहुधा दोन असतात. एक, हें युद्धाचें खेळणें आहे. आणि दुसरा, हें मळविण्याचें वेड आहे. पहिल्या आक्षेपाचा विचार आम्ही शेवटीं करूं. दुसऱ्याचें उत्तर आधीं देणें प्राप्त आहे. कारण या छंदांत जें कांहीं शिक्षण आहे, तें आमच्या मतें त्या मळविण्यांतच आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. बाजारांत जो संच किंवा किट मिळतें, त्यांत पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकच्या चौकटींना जडलेले शेंकडों भाग असतात. ते कापावयाचे, कानशीनें घांसावयाचे, प्लॅस्टिक किंचित् विरघळविणाऱ्या द्रवानें जोडावयाचे आणि राहिलेल्या भेगा लांबीनें बुजवावयाच्या. १:७२ व १:४८ या प्रमाणांतही प्रतिकृति निघतात. परंतु रणगाड्यांच्या बाबतींत जगभर रूढ झालेलें प्रमाण १:३५ हें होय. तें कोणा गणितज्ञानें ठरविलें असेल असें वाचकांस वाटेल. खरी हकीकत निराळी आहे. जपानांत शिझुओका शहरीं तामिया नांवाचा कारखाना आहे. १९४६ सालीं लांकूड कापण्याचा धंदा म्हणून तो निघाला. पुढें तेथें लांकडाच्या व नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृति होऊं लागल्या. १९६० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत या कारखान्यानें पँथर नांवाच्या जर्मन रणगाड्याची मोटरीवर चालणारी प्रतिकृति काढली. पोटांत बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, एवढ्याच हिशेबानें तिचा आकार ठरला होता. ती चांगली खपली. तेव्हां इतर देशांचे रणगाडेही त्याच मापाचे करावे असें मनांत आणून शुन्साकू तामिया यांनीं पँथरचें माप घेतलें, तों तें मुळाच्या सुमारें पस्तिसाव्या हिश्शाचें निघालें. आधीं कळस मग पाया म्हणतात तें असें!

माप कसेंही ठरलें असो, एकदां ठरल्यावर तें पाळलेंच पाहिजे, ही या कलेची पहिली शिस्त. दिवाळींत आपलीं मुलें मातीचा किल्ला करतात. त्यांतील मावळा दरवाज्याहून उंच असतो, आणि त्याचें कोणासही वावगें वाटत नाहीं. कारण तेथें उत्साहाला मान आहे, मापाला नाहीं. येथें मात्र १७५ सेंटिमीटर उंचीचा माणूस बरोबर ५ सेंटिमीटरांचा झाला पाहिजे. प्रतिकृतीवर अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा काढला, तर खऱ्या गाडीवर तो साडेसतरा मिलिमीटरांचा, म्हणजे जवळजवळ अंगठ्याएवढा रुंद झाला. अंगणांतील वाळूचा एक मिलिमीटरचा कण चाकाला चिकटला, तर तो साडेतीन सेंटिमीटरांचा दगड झाला. म्हणून जाणते कारागीर माती वस्त्रगाळ करून वापरतात, किंवा रंगीत खडूची बारीक पूड करतात. त्रैराशिकाचा इतका मनापासून अभ्यास करणारे विद्यार्थी वर्गांत आमच्या वांट्यास फारसे आले नाहींत.

आतां मळविण्याकडे वळूं. उदाहरण म्हणून सेंच्युरियन हा रणगाडा घेऊं. ब्रिटिशांनीं १९४३ सालीं त्याची आंखणी सुरू केली. १९४५ सालीं पहिल्या गाड्या यूरोपांत पोंचल्या, तोंवर तेथील युद्ध संपलें होतें. पुढें तो आपल्या सैन्यांत आला आणि १९६५ व १९७१ या दोन्ही युद्धांत लढला. वजन सुमारें ५१ टन. रुंदी सुमारें ३.४ मीटर, म्हणजे प्रतिकृतींत पावणेदहा सेंटिमीटरांच्या आसपास. आंत माणसें चार: नायक, तोफ डागणारा, तोफ भरणारा आणि चालक. हे चौघे जण दिवसांतून अनेक वेळां या गाडीवर चढतात व उतरतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. सारें मर्म तेथेंच आहे.

अस्तर व मुख्य रंग वाळला म्हणजे प्रतिकृति नव्या कपाटासारखी दिसते. मग तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्यें अगदीं पातळ करून तो सांध्यांत व खिळ्यांच्या डोक्यांभोंवतीं कुंचल्याच्या टोंकानें सोडतात. कां? तर मळ व वंगण खांचेंत सांचतें, सपाट पत्र्यावर नव्हे. त्यानंतर रंगाचे टवके. हे कोठें उडवावयाचे? झांकणांच्या कडांवर, पाय देऊन चढण्याच्या जागीं आणि जेथें अवजारें आपटतात तेथें. जेथें कोणाचा हातपाय पोंचत नाहीं, तेथील रंग शाबूत राहिला पाहिजे. टवक्यांची एक नामी युक्ति आहे. आधीं गंजाचा रंग द्यावा, त्यावर केस बसविण्याचा फवारा मारावा, आणि मग वरचा पाण्यांत मिसळणारा रंग द्यावा. तो ओला करून ताठ कुंचल्यानें घांसला कीं खालचा फवारा विरघळतो व वरचा रंग खरोखरच सुटून येतो. रंगविलेल्या टवक्याहून हा सुटलेला टवका नेहमीं अधिक खरा दिसतो.

गंजाचेंही शास्त्र आहे. नवशिके लोक सर्व गाडीवर नारिंगी गंज चढवितात. सेंच्युरियनच्या मागील बाजूस, पट्ट्यांवरच्या दोन्ही पंखांवर, धूर बाहेर टाकणारीं नळकांडीं असतात. तेथील रंग उष्णतेनें जळून जातो. म्हणून तेथें गंज हवा. परंतु ज्या पोलादी पट्ट्यांवर गाडी चालते, त्यांचा जमिनीला घांसणारा भाग रोजच्या चालण्यानें उजळ झालेला असतो. चालत्या गाडीचे पट्टे गंजानें लाल दाखविणें म्हणजे रोज वापरांत असलेल्या विळीच्या पात्यावर गंज दाखविण्यासारखें आहे. मग पावसाचे ओघळ. तैलरंगाचा एक बारीक ठिपका ठेवावा आणि टर्पेंटाइननें ओलसर केलेल्या कुंचल्यानें तो खालीं ओढावा. खालींच ओढावा, पाणी आडवें वाहत नाहीं. शेवटीं चिखल व धूळ. चाकांपाशीं ओला चिखल काळसर, त्याच्या वर वाळलेला फिका, आणि सर्वांवर धुळीचा पातळ थर.

या क्रमांत एक सुंदर गोष्ट आहे. खऱ्या गाडीच्या आयुष्यांत जें ज्या क्रमानें घडतें, त्याच क्रमानें तें प्रतिकृतीवर करावें लागतें. आधीं रंग, मग झीज, मग गंज, मग पाऊस, आणि सर्वांत शेवटीं आजची धूळ. क्रम चुकला तर पाहणाऱ्यास कारण सांगतां येत नाहीं, पण कांहींतरी खोटें आहे हें त्याच्या डोळ्यांस कळतें. आपल्या नैयायिकांनीं डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचें अनुमान करण्याचा दृष्टांत घालून दिला आहे. येथील काम त्याच्या उलट आहे: अग्नि कोठें होता हें आधीं ठरवावयाचें, आणि मगच धूर काढावयाचा. ज्या डागाला कारण नाहीं, तो डाग म्हणजे निव्वळ हेत्वाभास. अमेरिकेंतील शेपर्ड पेन या कारागिरानें १९७० नंतरच्या दशकांत मोनोग्राम कंपनीच्या किटांबरोबर लहान माहितीपत्रकें लिहिलीं, आणि प्रतिकृति नुसती मांडूं नये, तिच्याभोंवतीं एखादा प्रसंग उभा करावा, ही दृष्टि हजारों हौशी लोकांस दिली. आपण गणपतीपुढें जसा देखावा करतों, तसाच हा देखावा; फक्त त्याचा आधार पुराणांत नसून इतिहासांत असतो.

परंतु प्रसंग उभा करावयाचा म्हटलें कीं जबाबदारी येते. ती किती मोठी असते, हें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें. आमच्या पुतण्याचा मुलगा सेंच्युरियन जोडीत होता. त्याच्या मनांत साधी गाडी करावयाची नव्हती. ‘फामागुस्ता’ करावयाची होती. तिची हकीकत पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. पुण्यास १९५० सालीं जन्मलेले अरुण खेत्रपाल हे पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट. १६ डिसेंबर १९७१ रोजीं शकरगढ भागांतील बसंतरच्या लढाईंत त्यांची ‘फामागुस्ता’ गोळा लागून पेटली. बाहेर पडण्याचा हुकूम आला असतां, तोफ अजून चालते आहे, गाडी सोडणार नाहीं, असें त्यांनीं बिनतारीवरून कळविलें व ते लढत राहिले. पुन्हां गोळा लागला आणि ते तेथेंच पडले. वय २१. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र देण्यांत आलें. ती गाडी पुढें दुरुस्त करून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्यें जतन केलेली आहे.

मुलाला ती जळकी, काळवंडलेली, गोळ्यानें फुटलेली दाखवावयाची होती. त्याच्या आजीनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, तें ऐकलें मात्र, त्या तडक आमच्याकडे आल्या. “भावोजी, तुम्हींच सांगा याला. कोणाच्या तरी लेकराची चिता आहे ती. ती काय दिवाणखान्यांत मांडावयाची?” मुलगाही हटेना. “पण आजी, जें झालें तें झालेंच नाहीं असें दाखवूं का? धुतलेली गाडी मांडली तर लोकांस काय कळणार?”

आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें खरें होतें. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें कीं, पहिला गोळा नेमका कोठें लागला, काजळी कोणत्या बाजूस चढली, पत्रा कसा फुटला, हें तुला ठाऊक आहे काय? तें त्यास ठाऊक नव्हतें. मग जें तूं रंगविणार, तें त्या वीराचें मरण नव्हे, तुझ्या कल्पनेंतील मरण होय. ओघळाबद्दल कल्पना लढविली तर फार बिघडत नाहीं. एखाद्याच्या अंतकाळाबद्दल ती लढवूं नये. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें आपण होऊन सांगितलें कीं, मी आदली रात्र करतों. १५ डिसेंबरच्या रात्रीं सुरुंग काढण्याचें काम अर्धवट असतांनाच पूना हॉर्सचे रणगाडे पुढें घुसले होते. ती गाडी चिखलानें भरली असेल, धुळीनें फिकी पडली असेल, झांकणाच्या कडेचा रंग उडालेला असेल, आणि झांकणांतून एक पांच सेंटिमीटर उंचीचा तरुण समोर पाहत असेल. तशी ती झाली. वहिनींनीं ती पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि स्वतःच कपाटांतील चांदीचीं भांडीं बाजूस सारून तिला जागा करून दिली.

आतां पहिला आक्षेप. हें युद्धाचें खेळणें खरें. पण खेळणें आणि प्रतिकृति यांत फरक आहे, आणि तो फरक मळाचाच आहे. चकचकीत रणगाड्यांत माणूस नसतो. तो नुसती शक्ति दाखवितो आणि मुलांस शक्तीचीच भुरळ पाडतो. ज्याच्या पायरीवरचा रंग बुटांनीं घांसून गेला आहे, त्या रणगाड्यांत चार माणसें आहेत हें मुलास कळतें. मग समोरच्या गाडींतही माणसेंच होतीं, हें कळावयास वेळ लागत नाहीं. २००१ सालीं अरुण यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलें जन्मस्थान सरगोधा पाहण्यास पाकिस्तानांत गेले होते. लाहोरांत ख्वाजा महंमद नासर नांवाच्या ब्रिगेडियरांनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें, आदरानें वागविलें, आणि शेवटीं सांगितलें कीं, त्या दिवशीं समोरच्या रणगाड्यांत मीच होतों. तुमचा मुलगा माझ्याच हातून गेला. ज्या मुलाला हें सांगून समजतें, त्याला रणगाडा जोडूं देण्यांत आम्हांस धोका दिसत नाहीं.

गृहिणींसाठीं चार व्यावहारिक सूचना. टर्पेंटाइनचें काम खिडकी उघडी ठेवून आणि देवघर व स्वयंपाकघर यांपासून दूर करूं द्यावें. रंगाचा फवारा मारतांना व प्लॅस्टिक घांसतांना तोंडावर मुखपट्टी असावी. धारदार पातें काम झाल्यावर टोपण लावूनच ठेवावें. घरांत रांगतें मूल असेल तर कपाटांत कुलपांत ठेवावें. महाग उपकरणांची आरंभीं गरज नाहीं; दोन बारीक कुंचले, स्पंजाचा तुकडा, दांत घांसण्याचा जुना ब्रश व खडूची पूड एवढ्यावर बरेंच भागतें.

आणि वडील मंडळींसाठीं एकच. मुलानें पूर्ण झालेली गाडी दाखविली म्हणजे ‘छान’ म्हणून सोडून देऊं नये. एखाद्या डागावर बोट ठेवून, हा कशाचा, असें विचारावें. त्यास कारण सांगतां आलें तर शाबासकी द्यावी. न आलें तर तेवढा डाग पुसावयास सांगावें. तैलरंग ओला आहे तोंवर टर्पेंटाइनच्या कुंचल्यानें तो सहज निघतो.