सुट्टी कुणाची, सहल कुणाची?

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मे महिन्याची सुट्टी संपत आलेली असेल. आमच्या रत्नागिरीत मे म्हणजे चाकरमान्यांचा महिना. मुंबई-पुण्याहून दीर-जावा, नणंदा, भाचरं गावी येतात. घर भरून जातं. मग एक दिवस ठरतो समुद्रावर जायचा. सकाळी गणपतीपुळ्याला दर्शन, वाटेत आरे-वारेच्या किनाऱ्यावर डुंबणं, जमलं तर मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, अंधार पडायच्या आत घरी. आता कोकणात काही ठिकाणी किनाऱ्याजवळ तंबू ठोकून रात्रीचा मुक्काम करायचीही सोय झाली आहे. सगळं कुटुंब एकत्र येतं, चार घटका मजेत जातात. त्यात संपादकीय लिहिण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. पण या वेळी मला या एका दिवसाबद्दलच बोलायचं आहे.

हा दिवस घरातल्या बाईच्या बाजूने मांडून पाहू. तो सुरू होतो आदल्या रात्री. बटाटे उकडायचे, चटणी वाटायची, मुलांचे जादा कपडे, टॉवेल, चटया, पाण्याचे कॅन काढून ठेवायचे. पहाटे चारला उठून तिखटामिठाच्या पुऱ्या, भाजी, सासऱ्यांना तेलकट चालत नाही म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या दशम्या. गोठा असेल तर गुरांचं उरकायचं. गाडीत बसताना तिच्या मांडीवर सर्वांत लहान मूल आणि पायाशी डब्यांची पिशवी. किनाऱ्यावर पोचलं की पुरुष आणि मुलं पाण्याकडे धावतात. ही चपला, मोबाईल, पाकिटं आणि डबे सांभाळत सुरूच्या सावलीत बसते. मग वाढायचं, मुलांच्या अंगाची वाळू धुवायची, ओले कपडे पिळायचे, खरकटं आवरायचं. घरी आल्यावर बाकीचे दमून आडवे होतात, आणि ही चहाचं आधण ठेवते. वाळूने भरलेले कपडे दुसऱ्या दिवशी धुवायचे असतात, तेही हिनेच.

म्हणजे घरच्यांना सुट्टी मिळाली. हिची फक्त कामाची जागा बदलली.

या दिवसाला आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल आपण आपसातही दबक्या आवाजात बोलतो. आपल्याकडची सहल बहुधा देवदर्शनाला जोडलेली असते. तारीख ठरवताना सर्वांच्या रजा विचारल्या जातात, बाईची पाळी कुणी विचारत नाही. मग ती मुकाट्याने औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणते. बहुतेक वेळा डॉक्टरांना न विचारता. कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कुणाच्या यकृताचं दुखणं असतं, कुणाच्या पायात पूर्वी कधी रक्ताची गाठ झालेली असते. अशा बाईला या गोळ्या धोक्याच्या ठरू शकतात. पण 'माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको' हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलं आहे, की स्वतःच्या शरीराचं आपण शेवटी पाहतो.

आणि लघवीचं काय? एका किनाऱ्यावर मी स्वतः पाहिलं आहे, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. पुरुष आडोसा शोधतात. बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मेच्या उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, आठ-दहा तास. रात्री डोकं दुखतं, दोन दिवसांनी जळजळ सुरू होते. त्याला आपण 'ऊन बाधलं' म्हणतो.

काही महिन्यांपूर्वी किनाऱ्याजवळच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, 'समुद्रात पूर्ण भिजलेल्या किती जणी आहेत?' पंचवीसेक बाया होत्या. समुद्र त्यांच्या अंगणातून दिसतो. हात वर झाले ते अगदी मोजके, आणि तेही बहुतेक लहानपणच्या आठवणीवर. एक ताई म्हणाल्या, 'रोज बघते की समुद्र. पण बघायला म्हणून कधी गेले नाही.' मासळी आणायला त्या रोज जातात. भल्या पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर टोपल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या बायांना समुद्र परका नाही. पण तिथे काम असतं. काम नसताना तिथे जाऊन बसायचं, हे त्यांना कधी कुणी सुचवलं नव्हतं, आणि त्यांच्या मनातही आलं नव्हतं. दुसरी म्हणाली, 'ओली साडी अंगाला चिकटते. चार माणसं बघतात. कपडे बदलायला जागा कुठाय?' बुरख्यातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की ती घोट्यापर्यंत पाण्यात जाते आणि तिथेच थांबते. धर्म वेगळे, कपडे वेगळे, पण थांबायची रेघ जवळपास तीच.

या रेघेला आपण 'बायकांना आवडतच नाही' असं नाव देतो. न आवडणं आणि न मिळणं यांतला फरक ओळखायला आपण चळवळीत शिकलो. तो इथेही लावून पाहायला हवा.

मी समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा गटकार्याच्या तासांना मनोरंजन आणि विश्रांती यांचं महत्त्व शिकवलं जाई. उदाहरणं असत ती मुलांची, तरुण मंडळांची, गिरणी कामगारांची. घरात राबणाऱ्या बाईचं उदाहरण मला आठवत नाही. याचं कारणही सरळ आहे. विश्रांती मिळते ती कामाला, आणि घरकामाला आपला समाज काम मानतच नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष घालवतात ९७ मिनिटं. शिवाय असं काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, आणि पुरुष २६. ही पाहणी २०२४ मध्ये पुन्हा झाली, तेव्हाही चित्र फारसं बदललेलं नव्हतं. या पाच तासांना ना रविवार, ना दिवाळी, ना मे महिना.

रविवारची सुट्टी तरी आपल्याला कुणी सहज दिली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून ती मागितली. १८९० च्या एप्रिलमध्ये त्यासाठी भरलेल्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या बायांनी मिळवलेला रविवार गिरणीत आला. त्यांच्या चुलीपाशी तो आजतागायत आलेला नाही.

हक्काची भाषाही तयार आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं २४ वं कलम विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क प्रत्येक माणसाला देतं. या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असा शब्द होता. तो बदलून 'सर्व मानव' करायला लावलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १३ व्या कलमात करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात समान भाग घेण्याचा हक्क लिहिला आहे. भारताने हा करार १९९३ मध्ये मान्य केला. म्हणजे किनाऱ्यावर निवांत बसणं हा नवऱ्याने करायचा लाड नाही. तो मान्य झालेला हक्क आहे.

आता एक आक्षेप. तो बाहेरच्यांचा नाही, आपल्याच कार्यकर्त्या मैत्रिणींचा आहे. पाण्यासाठी मैलभर चालावं लागतं, हाताला काम नाही, बायका मार खातात, आणि तुम्ही सहलीचं काय घेऊन बसलात? मी या प्रश्नाचा खूप विचार केला. सल्ला केंद्रात माझ्यासमोर बसणाऱ्या बायांच्या हकिकती मारापासून सुरू होत नाहीत. त्या सुरू होतात 'कुठे जायचं नाही' पासून. आधी मैत्रिणीकडे जाणं बंद होतं, मग माहेरी, मग बाजारात एकटीने. मार नंतर येतो, तोवर सांगायला जवळ कुणी उरलेलं नसतं. दोन तास विनाकारण घराबाहेर राहण्याची जिला मुभा नाही, ती केंद्राची पायरी तरी कशी चढणार? कारणाशिवाय बाहेर पडता येणं हे चैनीचं लक्षण नव्हे. ते मोकळेपणाचं पहिलं माप आहे.

आणि सार्वजनिक जागेवरचा हक्क ही आपल्या मातीत नवी गोष्ट नाही. इथून जवळच्या महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. ते तहान भागवण्यापुरतं नव्हतं. सर्वांचं म्हटलेलं तळं खरोखर सर्वांचं आहे का, हा तो प्रश्न होता. दोन्ही अनुभव सारखे आहेत असं मी म्हणत नाही. जातीच्या अपमानाची तुलना कशाशीही करता येणार नाही. पण तो प्रश्न विचारायची रीत आपण तिथून शिकू शकतो. समुद्र सर्वांचा आहे म्हणतात. मग तो बाईचा कितीसा आहे?

त्या बैठकीनंतर गटाने ठरवलं, आपण जायचं. फक्त आपण. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, त्याचा असा उपयोग आजवर कुणी केला नव्हता. दोन नियम केले. घरून डबा आणायचा नाही, आणि घरी स्वयंपाक करून ठेवायचा नाही. दुसऱ्या नियमावर जास्त वाद झाला. दोघींना घरून परवानगी मिळाली नाही. एकीने लपून भाजी करून ठेवली होती, ते नंतर कळलं. भाट्याच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा पहिला तासभर काय करावं हे कुणालाच सुचेना. हात रिकामे राहायची सवय नाही. कुणी गॅस बंद केला का ते फोनवरून विचारत होती, कुणी दुसरीच्या पोराच्या मागे धावत होती. मग साठीच्या एक मावशी काही न बोलता उठल्या, पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून एकेक करत बाकीच्या गेल्या.

दुपारी वडापाव घेतला. तळणारी बाई आमच्याच वयाची. एकजण म्हणाली, 'आपली सुट्टी हिच्या जिवावर.' ते खरंच होतं. पर्यटनावर कोकण जगेल असं आपण ऐकतो. घरगुती निवासातल्या चादरी धुणारी, मोदक वळणारी, कोकम सरबत विकणारी, खोल्या झाडणारी बाईच असते. मे महिना तिचा सर्वांत जड महिना. म्हणून फक्त आपल्याला सहल मिळाली की प्रश्न सुटला, असं नाही. तिच्या मजुरीचा, तिच्या सुट्टीचा, तिच्या नावावर धंदा असण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे.

सरकारच्याही लक्षात हे काही अंशी आलं आहे. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने २०२३ मध्ये स्त्रियांसाठी खास धोरण आणलं. पर्यटन व्यवसाय करू पाहणाऱ्या स्त्रियांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा, आणि पर्यटन महामंडळाच्या निवासांत वर्षातून ठराविक ३० दिवस निम्मी सवलत, अशा चांगल्या गोष्टी त्यात आहेत. त्यांची माहिती गटागटांत पोचवायलाच हवी. पण धोरणाचं नाव काय ठेवलं? 'आई'. बाई फिरायला निघाली तरी ती आधी कुणाची तरी आई! एकटी, अविवाहित, मूल नसलेली, किंवा आई असूनही एक दिवस आई नसावंसं वाटणारी बाई या नावात कुठे बसते? नाव बदललं की सगळं बदलत नाही हे खरं. पण नावात सरकारचं मन दिसतं.

मैत्रिणींनो, मागण्या साध्या आहेत. प्रत्येक किनाऱ्यावर पाणी असलेलं, उघडं आणि स्वच्छ स्वच्छतागृह. कपडे बदलायला आडोशाची खोली. संध्याकाळी परतीची एसटी आणि थांब्यावर दिवा. जीवरक्षक, आणि किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलींना पोहणं शिकवायची सोय. २०२५ च्या जुलैत आरे-वारेच्या समुद्राने एकाच कुटुंबातल्या चौघांचा जीव घेतला. खवळलेल्या पाण्यापुढे पोहता येणाऱ्याचंही चालत नाही, म्हणून पावसाळ्यात पाण्यापासून दूर ठेवणारी यंत्रणाही तितकीच हवी. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी असं आपला कायदा सांगतो, आणि पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. या मागण्या तिथे लेखी द्या, इतिवृत्तात नोंदवून घ्या.

दुसरी मागणी घरात करायची आहे, आणि ती जास्त अवघड आहे. पुढच्या सहलीला डबा कोण करणार, पिशव्यांपाशी कोण बसणार, पोरांची वाळू कोण धुणार, हे निघण्याआधी ठरवा. पाळ्या लावा. तारीख तुमच्या शरीराला विचारून ठरवा. कुणी रागावेल, कुणी हसेल. 'एका दिवसाने काय होतं?' असंही विचारलं जाईल. एका दिवसाने काही होत नसेल, तर तो एक दिवस द्यायला इतकी खळखळ का, हे त्यांना उलट विचारा.

तुमच्या गटांनी असं काही करून पाहिलं असेल, त्यात काय जमलं, कुठे अडलं, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.