सिकलसेल अभियान आणि किशोरवयीन मुली

मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची २०२५-२६ पर्यंत तपासणी व्हावी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन व्हावे, असे उद्दिष्ट त्या वेळी ठरविण्यात आले. जुलै २०२५ पर्यंत सहा कोटींहून अधिक नागरिकांची तपासणी झाली होती. मात्र, या तपासणीत रुग्ण म्हणून नोंद झालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला पुढे काय सांगितले जाते, या प्रश्नाची चर्चा आकड्यांइतकी झालेली नाही.

समुपदेशनाचा भर प्रामुख्याने विवाहावर आहे. विवाहापूर्वी दोघांची कार्डे जुळवून पाहावीत, हा त्यातील मुख्य संदेश. तो शास्त्राला धरूनच आहे. माता-पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. परंतु याच गणिताची दुसरी बाजू सहसा मागे राहते. रुग्ण मुलीचा विवाह हिमोग्लोबिनचे सदोष जनुक नसलेल्या मुलाशी झाला, तर तिचे एकही अपत्य सिकलसेलचे रुग्ण होत नाही. सर्व अपत्ये केवळ वाहक असतात. हे स्पष्ट न सांगितल्यास कार्डाचा अर्थ 'या मुलीचे लग्नच नको' असा काढला जाण्याचा धोका असतो. दोष मुलाच्याही जनुकात असू शकतो, पण बोल लागतो तो मुलीलाच.

विवाहाच्या कितीतरी आधी या मुलींपुढे स्वतःच्या शरीराचे प्रश्न उभे राहतात. त्यांना पाळी अनेकदा समवयस्क मुलींपेक्षा उशिरा येते. त्यामागे या आजाराचाच परिणाम असतो, हे ना मुलीला ठाऊक असते ना आईला. पाळीच्या दिवसांत अनेकींना हातापायांत आणि पाठीत तीव्र वेदना होतात. 'पोटदुखी, दुसरे काय' म्हणून त्याकडे दुर्लक्ष झाले, तर वेळेवर औषध, भरपूर पाणी आणि विश्रांती यांनी आटोक्यात येणारा त्रास रुग्णालयापर्यंत नेतो. शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीचेही तसेच. वारंवार रक्त चढवावे लागलेल्या मुलीच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. अशा मुलीला ही गोळी देऊ नये, अशी सूचना कार्यक्रमातच आहे. पण वर्गात गोळ्या वाटणाऱ्या शिक्षकांना कोणत्या मुलीला रक्त चढविले आहे, हे कळणार कसे?

गर्भनिरोधन हा विषय तर अविवाहित मुलीसमोर काढायचाच नाही, असा संकेत. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी चालविला जातो, पण सिकलसेलग्रस्त मुलीला याहून नेमकी माहिती हवी. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून तिच्यासाठी त्या सहसा टाळल्या जातात. केवळ प्रोजेस्टिन असलेली साधने तुलनेने सुरक्षित मानली जातात. दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे 'अंतरा' हे इंजेक्शन त्यांपैकीच एक असून, ते सरकारी केंद्रांत मोफत मिळते. वेदनांचे झटके कमी करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे लागते. ते मनाने बंद करणेही तितकेच घातक.

ही माहिती विवाहानंतर मिळाली, तर बहुधा उशीर झालेला असतो. या आजारात गर्भारपणी रक्तदाब वाढणे, छातीचा गंभीर विकार, मुदतपूर्व प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका बराच वाढतो. पती वाहक असल्यास गर्भाच्या निदानासाठी साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात तपासणी करता येते, आणि ती सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच आहे. दुर्गम पाड्यावरील मुलीची पहिली नोंदणीच चौथ्या-पाचव्या महिन्यात झाली, तर ती वेळ निघून गेलेली असते.