निर्भय वार्ताहर आणि तालुका प्रतिनिधी

१९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी सुपरमॅनसोबत लोइस लेन ही वार्ताहर निर्माण केली. बातमीसाठी ती गुन्हेगारांच्या अड्ड्यात शिरते, मृत्यूच्या दारात उभी राहते. तरीही वाचक निश्चिंत असतो, कारण तिला वाचवणारा येणार हे त्याला ठाऊक असते. तिचे धैर्य खोटे नव्हे. परंतु अद्भुतरम्य चित्रकथेच्या रचनेत त्या धैर्याची पुरती किंमत तिला सहसा मोजावी लागत नाही.

मराठी साहित्याने हा दिलासा नाकारला. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सिंहासन’ (१९७९) या चित्रपटातील दिगू टिपणीस सत्तेचे सारे व्यवहार जाणतो. मात्र त्या जाणण्याने काहीही बदलत नाही आणि अखेरीस त्याचा तोल ढळतो. विजय तेंडुलकरांच्या ‘कमला’ नाटकातील जयसिंग जाधव पुराव्यासाठी एक स्त्री विकत घेऊन पत्रकारांसमोर उभी करतो. सत्तेला न भिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातील दास्य मात्र दिसत नाही. आणि मालकाची मर्जी फिरताच त्याची नोकरी जाते. निर्भयतेच्या मुळाशी उपजीविकेचा प्रश्न असतो, हे तेंडुलकरांनी नेमके हेरले.

तथापि ही दृष्टी मुंबई-दिल्लीपाशीच थांबली. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यात सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा नागनाथ येथील तालुका प्रतिनिधीची कोंडी निराळी आहे. महानगरातील पत्रकार बातमी देऊन गर्दीत मिसळू शकतो. येथे ज्याच्याविषयी लिहिले, तोच दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात समोर येतो. तुटपुंज्या मानधनावर भागत नाही, म्हणून जाहिरातींच्या कमिशनवर विसंबावे लागते; आणि वाढदिवसाची जाहिरात देणारा पुढारी बहुधा बातमीचाही विषय असतो. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला. परंतु जाहिरात बंद करणे हा काही हल्ला ठरत नाही. न लिहिलेल्या बातमीची नोंद तर कोठेच होत नाही.

ग्रामीण साहित्याच्या चर्चेत शेतकरी आला, शिक्षक आला, सरपंचही आला. गावाची हकिकत बाहेर नेणारा हा माणूस मात्र क्वचितच केंद्रस्थानी आला. त्याला शूर ठरवणे सोपे आहे, विकला गेलेला ठरवणे त्याहून सोपे. कोणती बातमी पाठवायची आणि कोणती खिशातच ठेवायची, हे ठरवताना त्याच्या मनात चालणारा हिशेब हाच खरा कादंबरीचा विषय होय. तो लिहिला जाईपर्यंत निर्भयतेविषयीची मराठी साहित्याची समज महानगरी आणि म्हणूनच अपुरी राहील.