संगणक-खोलीतील पक्षोपपक्ष

निवडणुका नसतानाही यंदा आपल्या महाविद्यालयात तीन पक्ष होते, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. भांडण होते संगणकाच्या पडद्यावरून.

झाले असे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने थांबविला. आपली जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसेनात आणि नवी घ्यायला पैसा नाही. तेव्हा सरांच्या परवानगीने आम्ही तिघांनी सर्व यंत्रांवर लिनक्स चढविले. इथवर एकमत होते. पण पट्टी कोठे असावी, खिडक्या कशा उघडाव्या, हे ठरविणारा ‘डेस्कटॉप’ लिनक्समध्ये निरनिराळा निवडता येतो. एकजण केडीईचा, दुसरा एक्सएफसीईचा आणि मी ग्नोमचा कट्टर!

या भांडणाचे मूळ मात्र जुने आहे. मातियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीईची हाक दिली ती १९९६ साली, तीही नेमकी १४ ऑक्टोबरलाच. केडीई ज्या ‘क्यूटी’वर उभे होते त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी ग्नोम आरंभिले. त्या वादात तत्त्व होते. पुढे परवान्याचा प्रश्न मिटला, वाद राहिला. २०११ साली, म्हणजे आपले गोंडवाना विद्यापीठ सुरू झाले त्याच वर्षी, ग्नोम ३ ने खिडक्यांची खालची पट्टीच काढून टाकली. चिडलेल्यांनी मग जुने रूप ‘माटे’ नावाने जिवंत ठेवले.

आणि आमच्या वादात तत्त्व किती? खरे सांगतो, फारसे नव्हते. थोड्या मेमरीच्या यंत्रावर एक्सएफसीई हलके चालते, हा एकच वजनदार मुद्दा होता, आणि तो मी मुद्दाम कानाआड केला. सगळेच एका नावाने आत शिरत असल्याने, ज्याचा हात शेवटचा त्याचे रूप सर्वांच्या वाट्याला येई. एका संध्याकाळी मी एका यंत्रावर गुपचूप ग्नोम लावून ठेवले.

दुसऱ्या दिवशी भामरागडकडची प्रथम वर्षाची एक मुलगी त्या यंत्रावर बसली. तेंदूपानावरचा तिचा प्रकल्प तिने आदल्या दिवशी टंकित करून पडद्यावरच ठेवला होता. मूळ ग्नोम पडद्यावर फायली दाखवीतच नाही. फाईल आत आपल्या जागी सुखरूप होती, पण तिला रिकामा पडदा दिसला. घंटा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. तिने कोणाला विचारले नाही आणि मागच्या बाकावरून वाद घालणाऱ्या आम्हालाही ते दिसले नाही. नंतर कळले, तिने सगळे पुन्हा हाताने लिहून काढले.

सर्वांना एकच रूप असले की शिकविणे सोपे जाते, असे काही प्राध्यापकांचे म्हणणे आहे. पहिले काही आठवडे ते मलाही मान्य आहे. त्यासाठी एक्सएफसीई ठेवावे आणि आम्हा जाणत्यांनी त्याला हात लावू नये. पण नंतर प्रत्येकाला स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द मिळालाच पाहिजे. तिन्ही डेस्कटॉप एका यंत्रावर नांदू शकतात. आत शिरतानाच ज्याचा त्याने निवडावा. याला डिस्कवरील थोड्या जागेपलीकडे खर्च नाही. पुढल्या जूनपूर्वी एवढे व्हावे, ही विनंती.

प्रयोगादाखल एका यंत्रावर सरांनी तसे करून दिले आहे. त्या मुलीने तिथे केडीई निवडले आणि पट्टी उचलून डाव्या कडेला नेली. मला त्यात काहीही सापडत नाही.