हुकुमाचा नाच आणि मनाचा नाच

गेल्या १४ एप्रिलच्या सायंकाळी अंबरनाथ पूर्वेकडील पालेगावात जयंतीची मिरवणूक चालली असता आमची एक वृद्ध आत्या रिंगणात शिरली व ताशाच्या तालावर नाचू लागली. वय सत्तरीपुढचे, अंगावर पांढरे पातळ. तिचा तो नाच कोणत्याही पद्धतीत बसणारा नव्हता. उजवा हात उंच, डावा कमरेवर, पाऊल तालाच्या किंचित मागे. आणि मध्येच थांबून ती स्वतःशीच हसे. तोच एक सुशिक्षित गृहस्थ पुढे आले, त्यांनी तिचा हात धरला व म्हणाले, "आत्याबाई, आता आपण बौद्ध आहोत. हे शोभत नाही." आत्या निमूटपणे कडेला जाऊन बसली. आम्ही तेथेच उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्या गृहस्थांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यामागे आपल्या समाजाची फार मोठी वेदना आहे. पोतराजाने मरीआईच्या नावाने अंगावर आसूड ओढीत नाचावे, मुरळीने व जोगतिणीने देवाच्या नावावर आयुष्य वाहावे, तमाशाच्या फडात आमच्या मुलींनी पाय झिजवावेत आणि पैसा फेकणाऱ्याने वर पुन्हा त्यांस हीन लेखावे, अशी ती रीत होती. येथे नाचणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, पोतराज, जोगतिणी इत्यादिकांच्या सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी हे लाजिरवाणे जिणे सोडून देण्याविषयी कठोर शब्दांत बजावले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झालेला होता. तरीही महाराष्ट्र राज्यास २००५ साली तिच्या निर्मूलनासाठी नवा कायदा करावा लागला, यावरून त्या बेडीची पकड ध्यानी यावी.

परंतु बाबासाहेबांनी सोडावयास सांगितले ते काय? आमच्या मते ती गुलामी होती. पाय आणि ताल नव्हे. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साज घेऊन आंबेडकरी जलसे उभे केले, गण-गवळणीच्या जागी समाजजागृती आणली आणि त्याच ढोलकीवर खेड्यापाड्यांत नवा विचार पोहोचविला. ढोलकी तीच राहिली, तिचा धनी बदलला.

राहिला धम्माचा प्रश्न. गृहस्थाने नित्य पाळावयाच्या पंचशीलात नृत्याचा निषेध कोठेही नाही. नृत्य, गीत व वाद्य यांपासून अलिप्त राहण्याचे शील आहे ते उपोसथाच्या दिवशी उपासक स्वेच्छेने ग्रहण करतो त्या अष्टशीलात, व श्रामणेराच्या दशशीलात. ज्याने ते घेतले त्याने ते अवश्य पाळावे. पण एकाने घेतलेले शील दुसऱ्याच्या मनगटास धरून लादता येत नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील लेण्यांपैकी सातव्या लेण्यात कोणीही जाऊन पाहावे. सहाव्या-सातव्या शतकातील त्या बौद्ध लेण्याच्या गाभाऱ्यात, बुद्धमूर्तीच्या अगदी सान्निध्यात, एक नर्तकी नाचते आहे आणि सहा स्त्रिया वाद्ये घेऊन तिला साथ करीत आहेत. ज्या भिक्षूंना स्वतः नृत्य वर्ज्य होते, त्यांच्याच लेण्यात ती निर्वेधपणे उभी आहे. पालेगावाहून जवळ असलेल्या, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतींवरही नृत्यमग्न आकृती कोरलेल्या आहेत. दगडाच्या बाईस हे शोभते काय, असे कोणी विचारीत नाही. प्रश्न तेवढा हाडामांसाच्या बाईस विचारला जातो.

नाचावर दुसरीही एक सक्ती हल्ली येऊ लागली आहे. ध्वनिक्षेपकांची भिंत गाडीवर चढते, छाती हादरते, आणि चार तरुण महिनाभर बसविलेल्या एकाच ठशाच्या हालचाली करून दाखवितात. बाकीचे सारे भ्रमणध्वनी उंच धरून चित्रण करीत उभे. रात्री दहानंतर कायदाच तो आवाज बंद करावयास लावतो हे एक बरे. तरुणांच्या उत्साहाशी आमचे भांडण नाही. पण त्या गदारोळात म्हातारीचे संथ पाऊल कोठे पडावे? जिला ताल आपल्या मर्जीने मागेपुढे घ्यावयाचा आहे, तिला तेथे जागाच उरत नाही. सुशिक्षितांची लाज एकीकडून ढकलते, यंत्राचा कल्लोळ दुसरीकडून.

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याकडे गेलो. रागावली असेल अशी आमची समजूत होती. ती तांदूळ निवडीत बसली होती. आम्ही विषय काढताच तिने सूप खाली ठेवले व म्हणाली, "माझ्या आईला लोकांच्या दारी नाचावं लागायचं. नाही नाचली तर भाकर नाही. मी माझ्या बापाच्या जयंतीत नाचले, मला वाटलं म्हणून नाचले. दोन्ही एकच कसं रे?" मग थोडे थांबून, "आणि तू तिथंच होतास की!"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढील वर्षी मिरवणुकीच्या अग्रभागी, ध्वनिक्षेपकाच्या गाडीपासून दूर, केवळ ढोल-ताशावर चालणारे एक मोकळे रिंगण राखावे व त्यात कोणासही कोणी अडवू नये, असे पत्र आम्ही मंडळास दिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.