सरकारावांचून बाजार : पण डिक्री कोण बजावणार ?

बाजारास सरकार नकोच, इतकेंच नव्हे तर चोरापासून रक्षण व तंट्याचा निवाडा हींदेखील धान्याकापडाप्रमाणें विकत मिळावींत, असें मानणारा एक पंथ पाश्चात्य अर्थशास्त्रांत आहे. बेल्जममध्यें जन्मलेल्या मोलिनारीनें १८४९ सालीं पॅरिसच्या एका नियतकालिकांत हें मत उघडपणें मांडलें. मक्त्यानें माल महाग व निकृष्ट होतो, मग संरक्षणाचाच मक्ता सरकारास कां, हा त्याचा सवाल. खुल्या व्यापाराचा कट्टर कैवारी बास्तिया यासही तो पटला नाहीं.

व्यापारी वर्गास हा कोटिक्रम गोड वाटावा यांत नवल नाहीं. हुंडी सकारली जाई ती फौजदाराच्या भीतीनें नव्हे. हुंडी परत गेली कीं पेढीची पत गेली, हाच तिचा कायदा. परंतु ज्यास उद्यां पुन्हां त्याच बाजारांत बसावयाचें आहे, त्यासच पतीची चाड असते.

या पंथाचे अलीकडील अमेरिकन पुरस्कर्ते डेव्हिड फ्रीडमन हे आइसलंडचा दाखला देतात. इ. स. ९३० च्या सुमारास तेथें आल्थिंग नामक सभा स्थापन झाली. कायदे होते, न्यायसभा होत्या. राजा नव्हता, फौज नव्हती, बेलीफही नव्हता. शेतकऱ्यानें आपला सरदार आपणच निवडावा, न पटल्यास दुसऱ्याकडे जावें. सरदारकीचीही खरेदीविक्री होई. निकाल मिळे, बजावणी मात्र जिंकणारानें स्वतःच करावयाची. दुबळ्यानें काय करावें ? आपला दावा एखाद्या बलिष्ठाच्या नांवें करून द्यावा ! युक्ति चतुर खरी, आणि ती व्यवस्था सुमारें तीनशें वर्षें टिकली, हें कबूल केलें पाहिजे. इतकें आयुष्य किती राज्यांस लाभलें ?

पण कोर्टाची पायरी चढलेल्यास पुढील हकीकत सहज ताडतां येईल. डिक्री मिळणें निराळें आणि दरखास्त करून रुपये पदरांत पडणें निराळें. बजावणीचें बळ ज्याच्या घरीं, त्याच्याकडे दावे गेले. दाव्यांमागून सरदारक्या गेल्या. तेराव्या शतकांत बहुतेक सत्ता मोजक्या घराण्यांच्या हातीं आली, त्यांच्यांत यादवी माजली, आणि १२६२ ते १२६४ च्या दरम्यान आइसलंडनें नॉर्वेच्या राजाचें स्वामित्व व कर दोन्ही पत्करलीं. त्या राजाचीं कारस्थानें होतींच. पण तीं शिरलीं तीं घरच्यांनींच उघडलेल्या दारांतून.

कर कशासाठीं, हें प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळीं खडसावून विचारलेंच पाहिजे. तेवढ्यापुरते आम्ही मोलिनारीच्या बाजूचे आहों. परंतु किरकोळ दुकानदारानें गांवच्या धनदांडग्याविरुद्ध मिळविलेली डिक्री कोणाच्या हातीं द्यावी ? दुसऱ्या धनदांडग्यास विकावी, हेंच उत्तर असेल, तर त्या दोघांनीं आपसांत समेट केल्यावर पुढें काय, हें या पंथाच्या पुरस्कर्त्यांनीं सांगावें.