घराची भिंत आणि शेताची कसदार माती

पिकाला अन्न पुरविते ती जमिनीच्या वरच्या वीतभर थरातील माती. हा थर घडण्यास शेकडो वर्षे लागतात. परंतु वीटभट्टीसाठी तो उकरून नेण्यास काही दिवस पुरतात. तीन किलो वजनाच्या एक लाख विटा पाडावयाच्या म्हटल्या, तर सुमारे ३०० टन माती खर्ची पडते. म्हणजे एका एकरावरून अंदाजे दोन इंचांचा थर नाहीसा होतो. नड भागविण्यासाठी माती विकणाऱ्याच्या हाती रोकड पडते खरी, पण ती एकदाच. पिकाची तूट मात्र पुढे सालोसाल सोसावी लागते. शिवाय भट्टीत जळणारे लाकूड, कोळसा व भुसा यांचा हिशेब वेगळाच.

मग खेड्यातील माणसाने पक्के घर बांधूच नये काय? अवश्य बांधावे, परंतु भाजल्यावाचून वीट पक्की होत नाही, ही समजूत आता सोडावयास हवी. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने १९७४ साली ‘अस्त्र’ हा विभाग सुरू झाला. विज्ञान खेड्याच्या कामी लावावे, हा त्याचा हेतू. तेथील संशोधकांनी मातीच्या घराचा प्रश्न प्रयोगशाळेत घेतला आणि तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा गावी केंद्र ठेवून ग्रामीण जीवनाशी आपले संशोधन जोडले. चाळलेल्या मातीत वजनाच्या सुमारे सात टक्के सिमेंट मिसळावे, बेताचे पाणी घालावे व हातयंत्राने दाबून ठोकळा काढावा, अशी त्यांची रीत आहे. ठोकळा भाजावयाचा नाही. सुमारे तीन आठवडे ओला राखावयाचा. आठ किलोचा असा एक ठोकळा दोनांहून अधिक देशी विटांची जागा घेतो आणि सिमेंटच्या एका पोत्यात सुमारे ९० ठोकळे निघतात. भाजक्या विटेच्या मानाने निम्म्याहून अधिक ऊर्जा वाचते.

या ठोकळ्याला कसदार माती लागत नाही, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. किंबहुना शेणखताने व पालापाचोळ्याने समृद्ध झालेली माती त्याला अपायकारकच होय. वरचा थर बाजूला काढून खालची माती घ्यावी व तो थर पुन्हा शेतात पसरावा. पाया किंवा शेततळे खोदताना निघालेली माती योग्य ठरली, तर तिचाही उपयोग होतो.

तथापि बंगळूरची रीत जशीच्या तशी उचलून आपल्या प्रत्येक गावी लावणे मला मान्य नाही. तेथील तांबडी माती आणि आपली काळी माती यांचा स्वभाव भिन्न. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. थोड्या सिमेंटने ती आवरत नाही. तिच्यात वाळू मिसळावी लागते, कित्येकदा सिमेंटऐवजी चुना योजावा लागतो. मातीत वाळूचे प्रमाण साठ ते सत्तर टक्के व चिकणमातीचे दहा ते पंधरा टक्के असावे. ढोबळ परीक्षा कोणासही करता येईल : काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावे, खूप हलवावे व स्थिर ठेवावे. वाळू प्रथम तळाशी बसते. गाळ व चिकणमाती मागाहून तिच्यावर बसतात. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेतील तपासणीवरच घ्यावा.

कोणी म्हणतील, मातीच्या भिंतींनीच १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात घात केला. ३० सप्टेंबरच्या त्या पहाटे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, हे विसरण्याजोगे नाही. परंतु तेथे कोसळल्या त्या मुख्यतः मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी. दोष बांधणीचा होता. ठोकळ्याच्या घरासही जोते, दारे-खिडक्यांवरील पातळी व छप्पर येथे लोखंड घातलेले काँक्रीटचे पट्टे हवेतच. तसेच भिजल्यावर ठोकळ्याचे बळ बरेच घटते. म्हणून जोते उंच व वळचण रुंद ठेवणे अगत्याचे आहे.

म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असे की, आपल्याकडील विद्यापीठांनी व अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तालुक्यातालुक्यातील माती तपासून तिचे योग्य मिश्रण ठरवून द्यावे. गावातील गवंड्यास त्याचे शिक्षण मिळावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्र येण्यापूर्वी मातीची तपासणी झाली आहे की नाही हे पाहावे आणि पहिली बांधणी शाळेच्या आवारातील भिंतीसारखी, सर्वांच्या नजरेसमोर करावी. कच्च्या ज्ञानावर बांधलेली एक भिंत ढासळली, तर त्या गावाचा विश्वास दहा वर्षे परत येत नाही.

शेतकरी बंधूंनी आपल्या बाजूने एवढेच करावे : वीटभट्टीशी सौदा करण्यापूर्वी त्या मातीत पुढील वीस वर्षांत किती पीक आले असते, याचा हिशेब मांडावा. घर एका पिढीत पुन्हा बांधता येते. गेलेली माती एका पिढीत परत मिळत नाही.